धडक, दुसऱ्यांदा

२० जुलै २०१८ च्या शुक्रवारी सकाळच्या खेळाला मी 'धडक' बघायला गेलो, तेव्हा परीक्षण मनात आधीच लिहून झालं होतं. फक्त पुरावे गोळा करायचे होते. दोन वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जुन्या एकपडदा थिएटरात त्याचा मूळ मराठी 'सैराट' पाहताना 'झिंगाट' सुरू झालं आणि पुढच्या रांगांतली पोरं उठून पडद्यासमोर नाचायला लागली होती, कुणी चिल्लर उधळली होती. खेळ सुटल्यावर तीच पोरं मान खाली घालून, एकमेकांशी न बोलता सायकल स्टँडकडे गेली. ते ज्यानं पाहिलं, त्याला पुण्यातल्या मल्टिप्लेक्सच्या गार हवेत उदयपूरची हवेली आवडणं शक्यच नव्हतं. मला नाही आवडली. घरी आलो, लिहून टाकलं. लेख वाचकांना पसंत पडला. त्या आठवड्यात 'धडक'ला झोडपणारं काहीही पसंत पडत होतं.

त्याच चित्रपटावरच्या या लेखसंग्रहाला प्रस्तावना लिहायची वेळ माझ्यावरच आली. दर महिन्याला एकत्र बसून चित्रपट बघणाऱ्या आमच्या मंडळानं एक वर्ष 'पुन्हा केलेले चित्रपट' या विषयाला दिलं, आणि त्यातली सगळ्यात जास्त भांडणं 'धडक'वर झाली. चांगल्या चित्रपटावर लोक एकमतानं माना डोलावतात आणि चहाला उठतात. इथे चहा थंड झाला. त्या भांडणांतून हे लेख निघाले.

ज्यांना तपशील आठवत नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ च्या फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि २९ एप्रिलला महाराष्ट्रात लागला. मराठी चित्रपटानं तोवर कधी न पाहिलेला गल्ला त्यानं जमवला. मग रिमेकची रांग लागली. कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, त्यात रिंकू राजगुरूच पुन्हा नायिका होती. पंजाबी, ओडिया, बंगाली रूपं आली. हिंदी रूप धर्मा प्रॉडक्शन्सनं झी स्टुडिओजबरोबर केलं, दिग्दर्शक शशांक खेतान. करमाळ्याचं उदयपूर झालं, आर्ची पाटीलची पार्थवी सिंह झाली, परश्याचा मधुकर बागला झाला आणि पळून गेलेल्या जोडप्याचं हैदराबाद कोलकात्याला गेलं. १७४ मिनिटांचा चित्रपट सव्वादोन तासांवर आला. जान्हवी कपूरचा हा पहिला चित्रपट. तिची आई श्रीदेवी पाच महिन्यांपूर्वी गेली होती. घराणेशाहीवरची तेव्हाची भांडणं आणि हे दुःख, दोन्हींची सावली चित्रपटावर पडली आणि जो तो चित्रपट सोडून मुलीबद्दलच बोलू लागला. समीक्षकांनी बहुतेक एका सुरात झोडपलं, तिकीटखिडकीवर मात्र चित्रपट तरला.

एक गंमत नावातच आहे. हिंदीत धडक म्हणजे काळजाची धडधड. मराठीत धडक म्हणजे टक्कर: एसटीनं टेम्पोला दिलेली, बैलानं गोठ्याच्या दाराला दिलेली. पोस्टर लागलं तेव्हा आमच्या शेजारच्या आजोबांना तो अपघातावरचा चित्रपट वाटला होता. जात जिथे जातीला आपटते त्या गोष्टीला हे मराठी नाव शोभलं असतं. हिंदी नावात मात्र आपटण्याची सगळी जागा काळजानं घेतली. समीक्षकांची मुख्य तक्रारही हीच होती, आणि ती खोटी नाही.

पण आधी गाणी. दोन्ही चित्रपटांची गाणी अजय-अतुल यांची, दोन्हीकडे चार-चार. 'झिंगाट' नावासकट हिंदीत गेलं, 'याड लागलं'चं 'पहली बार' झालं. 'आताच बया का बावरलं' आणि 'सैराट झालं जी' मागे राहिली. त्यांच्या जागी 'धडक'चं शीर्षकगीत आणि 'वारा रे' ही नवी गाणी आली. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. म्हणजे चाल तीच, 'पहली बार'मध्ये आवाजही अजय गोगावले यांचाच, फक्त शब्द दुसरे. आणि आमच्या मंडळात पहिली ठिणगी इथेच पडली, कारण 'चाल उचलली' हा आरोप मराठी माणसाच्या तोंडी मुळीच शोभत नाही. आपलं सगळं नाट्यसंगीत दुसऱ्याच्या चालीवर उभं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८० चं 'शाकुंतल' कालिदासावरून घेतलेलं, आणि त्यातली पदं साक्या-दिंड्यांपासून कानडी चालींपर्यंत जिथून मिळेल तिथून बांधलेली. जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचं नाव छापलेलं असे. लपवाछपवी नव्हती. १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांच्या चाली आणल्या आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या अशा काही मराठी झाल्या की त्यांचं माहेर आता कुणी विचारत नाही.

मग 'पहली बार' का मराठी कानाला पोकळ वाटतं? या संग्रहातला सगळ्यात लांब लेख याच प्रश्नावर आहे आणि तो एका तबलजीनं लिहिला आहे, त्यामुळे त्यात मात्रा मोजल्या आहेत, भावना कमी आहेत. त्याचं म्हणणं असं की वाद्यमेळ हललेला नाही, लय हललेली नाही, हलला तो फक्त एक शब्द. 'याड'. पुस्तकी मराठीत वेड, सोलापूरकडच्या बोलीत याड. 'वे'च्या जागी 'या' आला की तोंड जास्त उघडतं, स्वर लांबतो, आणि चालीचा पहिला आघात त्या उघड्या तोंडावर बसतो. हिंदीत त्या जागी 'पहली' आली. अर्थानंही गाणं लहान झालं. याड लागणं हे माणसावर येतं, भुतासारखं, तापासारखं. पहिल्यांदा प्रेमात पडणं ही दिनदर्शिकेत नोंदवायची गोष्ट आहे. मी २०१८ मध्ये 'भाषांतरात रस गळाला' एवढंच लिहून पुढे गेलो होतो. रस कुठल्या भोकातून गळाला ते बघायची तसदी घेतली नव्हती.

'झिंगाट'चं वेगळं आहे. ते हिंदीतही नाचवतं, लग्नाच्या वरातीत दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ वाजतात आणि नाचणाऱ्याला फरक पडत नाही. फरक पडद्यावर पडतो. 'सैराट'मध्ये परश्या आणि त्याचे दोस्त पाटलांच्या घरच्या कार्यात नाचतात. त्यांच्या उत्साहाला मालकाचं निमित्त लागतं, आणि त्याच रात्री त्याच अंगणात परश्या पकडला जातो. नाच आणि मार यांच्यामध्ये काही मिनिटांचं अंतर. 'धडक'मध्येही हवेलीचा सोहळा आहे, तिथेही जोडपं पकडलं जातं, पण नाचणारा मधू तळ्याकाठी हॉटेल चालवणाऱ्या घरातला, नीटनेटक्या कपड्यांतला मुलगा आहे. तो हवेलीत पाहुण्यासारखा वावरतो. आपण आगंतुक आहोत हे नाचताना त्याच्या अंगाला ठाऊक नाही, मधू झालेला ईशान खट्टर उत्तम नाचतो म्हणून तर ते जास्तच जाणवतं. परश्या झालेला आकाश ठोसर तसा नाचत नाही. तो गर्दीत नाचतो.

गाण्यांच्या बाबतीत एक मत मी बदललेलं नाही, तेही सांगून टाकतो. 'सैराट'ची चारही गाणी मध्यंतराआधी संपतात. जोडपं पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचतं आणि त्यानंतर एकही गाणं नाही. तासाभराहून जास्त वेळ प्रेक्षक गाण्याची वाट बघतो. गाणं येत नाही, संशय येतो, मारहाण येते, सार्वजनिक संडासासमोर उभी राहिलेली आर्ची येते. संगीत काढून घेणं ही त्या चित्रपटातली सगळ्यात धाडसी संगीतरचना होती असं मी तेव्हाही मानत होतो. 'धडक'नं उदयपूर सुटल्यावरच्या प्रवासावर 'वारा रे' घातलं. (हिंदीत वारना म्हणजे ओवाळून टाकणं, मराठी कानाला आधी वाराच ऐकू येतो. या चित्रपटाचं आणि आपल्या भाषेचं काहीतरी वाकडं आहे.) गाणं सुंदर आहे. पण त्यानं भुकेवर शाल पांघरली. गाणं सुरू असेपर्यंत आगगाडीतली ती दोघं सहलीला निघाल्यासारखी दिसतात. इथे समीक्षक बरोबर होते आणि या संग्रहातला कुठलाही लेख मला त्यावरून हलवू शकलेला नाही.

जातीचं आता. 'सैराट'मध्ये जात हा शब्द फारसा कुणी उच्चारत नाही, ती माणसांच्या वागण्यात असते. वर्गात आर्चीचा भाऊ प्रिन्स मास्तरच्या कानाखाली वाजवतो, आणि त्यानंतर मास्तरलाच सांभाळून घ्यावं लागतं. मुलगा पळाला म्हणून परश्याचा बाप जातपंचायतीपुढे स्वतःच्याच तोंडात मारून घेतो. आधी आपण हसतो, मग हसणं घशात अडकतं. 'धडक'नं हे दोन्ही प्रसंग आणि त्यांच्यासारखे बाकी सगळे काढून टाकले. मधूचा बाप एखाद्या वाक्यात 'ती मोठी माणसं' अशा अर्थाचं बजावतो, तेवढंच. उरलं ते श्रीमंत राजकारण्याची मुलगी आणि मध्यमवर्गीय मुलगा, म्हणजे हिंदी चित्रपटाच्या ओळखीचं जुनं भांडण. आशुतोष राणा यांनी उभा केलेला पार्थवीचा बाप भयानक आहे, पण निवडणूक लढवणारा बाप म्हणून. आपला मुलगा नवरामुलगा म्हणून का चालत नाही हे मधूच्या घरात कुणाला फारसं उमगलेलंच नसतं. यावर आणखी लिहिण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये सगळ्यांनी लिहिलं.

मला जिथे थांबायचंय ती जागा शेवटाची आहे.

'सैराट'चा शेवट सगळ्यांना पाठ आहे. माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा टाकते. नंतर शेजारणीकडे खेळायला गेलेलं पोर परत येतं, आईबाप रक्तात पडलेले, आवाज पूर्ण बंद, आणि रक्तानं माखलेली छोटी पावलं उमटवत ते बाहेर चालू लागतं. 'धडक'मध्येही नवं घर आहे, भाऊ येतो, भेटवस्तू आहेत. पार्थवी खाली गेलेली असते. आणि वरून तिच्यासमोर नवरा आणि मूल खाली पडतात. ती जिवंत राहते.

थिएटरात तेव्हा मी कपाळावर हात मारला. मूळ शेवट सगळ्यांना माहीत आहे म्हणून लेखकानं पत्ते पिसले, धक्का द्यायचा म्हणून मूलच मारलं, असं मी लिहिलं. अनेकांनी असंच लिहिलं. आमच्या मंडळातल्या एका वकील मुलीनं या वाक्यालाच हात घातला. ती म्हणाली, तुम्ही दोन्ही शेवट चित्रपटाचे शेवट म्हणून बघता. एकदा गुन्ह्याच्या कागदांसारखे बघा. कोण मेलं आणि कोण उरलं?

मग ती प्रकरणं मांडत गेली. १३ मार्च २०१६, म्हणजे 'सैराट' लागायच्या दीड महिना आधी, तमिळनाडूतल्या उडुमलपेटच्या बसस्थानकाजवळ भरदिवसा शंकर आणि कौसल्या या जोडप्यावर कोयत्यांनी हल्ला झाला. तो दलित, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ती थेवर जातीची. तो मेला, ती जखमी होऊन वाचली. आणि वाचली म्हणून ती न्यायालयात उभी राहिली, जन्मदात्या बापाविरुद्ध. डिसेंबर २०१७ मध्ये तिरुप्पूरच्या न्यायालयानं बापासह सहा जणांना फाशी सुनावली. जून २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं बापाला निर्दोष सोडलं आणि बाकीच्या पाच जणांची फाशी जन्मठेपेवर आणली. कौसल्या लढत राहिली. 'धडक' लागल्याला बरोबर आठ आठवडे झाले त्या दिवशी, १४ सप्टेंबर २०१८ ला, तेलंगणातल्या मिर्यालगुडा इथे गर्भवती पत्नीला रुग्णालयातून घेऊन बाहेर पडणाऱ्या दलित ख्रिस्ती तरुणाची कोयत्यानं हत्या झाली. पत्नी शेजारी उभी होती. आरोपी तिचा बाप.

आणि आपल्याकडे? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सोनईत १ जानेवारी २०१३ ला तिघांना मारलं गेलं. कारण त्यांच्यातल्या एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम असल्याचा संशय. त्याच जिल्ह्यात खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला टांगलं, कारण तो वरच्या जातीच्या मुलीशी बोलत असल्याचा संशय. साक्षीदार फिरले, नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. 'सैराट' लागला तो या खुनाला दोन वर्षं आणि एक दिवस झाल्यावर. दोन्ही ठिकाणी मेली ती मुलाकडची माणसं. मुली उरल्या. त्या मुलींचं पुढे काय झालं, त्यांना कुणी विचारलं का, त्यांनी कुणाच्या भीतीनं काय सांगितलं किंवा सांगितलं नाही, हे आपल्याकडच्या चित्रपटांत फारसं आलेलं नाही. मुलगी ही घराण्याची मालमत्ता. तिला परत न्यायचं असतं, तिला 'बिघडवणाऱ्याला' संपवायचं असतं. दोघांनाही मारण्याची प्रकरणं आहेतच, मंजुळेंचा शेवट खोटा मुळीच नाही. पण या एका बाबतीत 'धडक'चा शेवट वर्तमानपत्रातल्या जातीय खुनाच्या जास्त जवळ जातो. मारेकऱ्यांनी आपल्या लेखी आपली मुलगी वाचवलेली असते.

इथे कुणी म्हणेल, दिग्दर्शकाला हे ठाऊक तरी होतं का? मला नाही वाटत. ज्या चित्रपटानं पहिल्या दोन तासांत जात बाहेर ठेवली, त्यानं शेवटच्या पाच मिनिटांत जातीय हिंसेचा नेमका हिशेब मुद्दाम मांडला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. बहुधा धक्काच हवा होता. पण कलाकृतीत अपघातानं आलेलं खरं, मुद्दाम आणलेल्या खऱ्यापेक्षा कमी खरं नसतं. फक्त त्याचं श्रेय कुणाला द्यायचं एवढाच वाद उरतो. त्या वकील मुलीच्या लेखाचा सूर याहून कडक आहे. तिच्या मते शेवट बरोबर आणि चित्रपट चूक असेल तर चूक दुप्पट मोठी ठरते, कारण पार्थवी जगली कशासाठी हे सांगायला लागणारा एकमेव शब्द चित्रपटानं आधीच खोडला होता. तिचं म्हणणं वाचकांनी तिच्याच शब्दांत वाचावं.

अभिनयाबद्दल थोडं, कारण संग्रहात त्यावर वेगळा लेख नाही. रिंकूशी तुलना जान्हवीला कुणीच टाळू दिली नाही, आणि ती तुलना अन्यायाची होती. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मुलांना विहिरीबाहेर काढते; तिचा माज हा पाटलांच्या जमिनीचा माज आहे आणि तो तिच्याच उपयोगी पडतो. पटकथेत पार्थवीच्या वाट्याला तो माज आलाच नाही. जमीनच काढली तर माज कशावर उभा राहणार? पहिल्या भागातली तिची मेवाडी ढंगाची हिंदी शिकवणीच्या वर्गासारखी वाटते, हेही खरं. पण कोलकात्यातल्या भागात, विशेषतः काम करून थकून आल्यावरच्या साध्या प्रसंगांत, तिच्या चेहऱ्यावर एक बावरलेला हट्ट दिसतो, तो मी २०१८ मध्ये पाहिलाच नव्हता. शेवटच्या क्षणी ती किंचाळते तेव्हा तो हट्ट मोडतो. मी तेव्हा उठायच्या घाईत होतो.

१ ऑगस्ट २०२५ ला त्याच निर्मितीसंस्थेचा 'धडक २' आला. शाझिया इक्बाल दिग्दर्शक, मूळ मारी सेल्वराज यांचा तमिळ 'परियेरुम पेरुमाल'. यावेळी जात दारात उभी होती, आणि सेन्सॉरशीही तिच्यावरूनच ओढाताण झाली. नाव तेच ठेवलं आणि सात वर्षांपूर्वी जे काढलं होतं ते परत आणलं, हा योगायोग असेल किंवा कबुली असेल. दोन्ही शक्यतांवर इथे लेख आहेत आणि त्यांचे लेखक एकमेकांशी आजही नीट बोलत नाहीत.

बघण्याच्या क्रमाबद्दल एक सूचना. जमलं तर आधी 'धडक' बघा, मग 'सैराट'. आम्ही उलट केलं आणि पहिले दोन आठवडे केवळ काय हरवलं याच्या याद्या करण्यात घालवले. ज्या दोघांनी 'सैराट' पाहिलेलाच नव्हता (मंडळात असे दोघं होते, दोघंही विशीतले, आणि दोघांनी हे शरमेनं कबूल केलं) त्यांनी 'धडक' सगळ्यात शांतपणे पाहिला. त्यांच्या टिपणांत 'मूळ' हा शब्द नाही. त्यातल्या एकानं शेवट संपल्यावर विचारलं होतं, आता हिच्यासोबत पोलीस ठाण्यात कोण जाणार? सासरचे उदयपूरला, माहेरचे आरोपी, कोलकात्यात ओळखीचं एक लॉज. आम्ही बाकीचे तेव्हा आवाज बंद करण्यातल्या कलात्मकतेवर बोलत होतो.

संपादकांच्या आग्रहावरून माझं २०१८ चं परीक्षण परिशिष्टात छापलं आहे. त्यातला शब्दही बदललेला नाही, मुद्रणदोषसुद्धा तसेच ठेवले आहेत. सात परिच्छेदांतले चार गाण्यांवर आहेत, दोन जातीवर, एक जान्हवीच्या उच्चारांवर. शेवटाबद्दल दोन ओळी आहेत, आणि त्या कंसात आहेत.